सोचिमिल्कोच्या कालव्यात बाबांची पंचाहत्तरी: नाव, गाणं, खाणं आणि पिणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात नोकरीनिमित्त राहणारं एक मराठी कुटुंब, पुण्याहून आलेले आईबाबा आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी बाबांची पंचाहत्तरी. माणसं चौदा, त्यांतली निम्मी शाकाहारी, दोन लहान मुलं. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोच्या कालव्यात नाव घेऊन मारियाची (तिथले गाणारे-वाजवणारे), मेक्सिकन जेवण आणि थोडं पेय अशी संध्याकाळ करायची आहे. इंटरनेटवर माणशी भाव सांगणारी ‘फिएस्ता’ पॅकेजं दिसतात, ती घ्यावीत का? आणि सातला निघून दहापर्यंत परतलं तर चालेल का?

मी इथे राहून घरच्या आणि ऑफिसच्या मंडळींसाठी अशा पार्ट्या जुळवून देते, त्यामुळे थोडं ऐसपैस लिहिते. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

आधी पॅकेजचं. सोचिमिल्कोची नाव, म्हणजे त्राहिनेरा, हे सपाट बुडाचं लाकडी तराफ्यासारखं वाहन. मधे लांब टेबल, दोन्ही बाजूंना बुटक्या खुर्च्या, वर छप्पर, दर्शनी भागी रंगवलेली कमान आणि तिच्यावर बहुतेक वेळा एखाद्या बाईचं नाव. एका टोकाला लांब वासा तळाला टेकवून नाव ढकलणारा नावाडी. तुम्ही भाड्याने घेता ते एवढंच. स्वयंपाकघर दुसऱ्या नावेवर असतं, वाजंत्री तिसऱ्या, बर्फातली बिअर चौथ्या, आणि ही सगळी मंडळी आपल्याला शोधत आपल्या नावेला येऊन भिडतात. पॅकेजवाला नेमकं हेच काढून घेतो. तो त्याचं खाणं आधीच डब्यांत भरून आणतो, त्याची दारू ‘हवी तेवढी’ म्हणून देतो, स्पीकर लावतो आणि अनोळखी लोकांसोबत तुम्हाला एका टेबलावर बसवतो. पंचविशीतल्या एकट्या प्रवाशांसाठी ते ठीक आहे, मैत्री होते. पंचाहत्तरीला ते नको. रिकामी नाव तासाच्या हिशेबाने घ्या आणि बाकी सगळं कालव्यात विकत घ्या. बहुतेक वेळा खर्चही कमी येतो.

आता वेळेचं. इथे ‘संध्याकाळची नाव’ म्हणजे दुपारी साडेतीनला निघून साडेसहाला परतणारी नाव. मेक्सिकोने 2022 मध्ये घड्याळ पुढेमागे करण्याची पद्धत बहुतेक देशात बंद केली, त्यामुळे ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. इथला संधिप्रकाशही आपल्याकडच्यासारखाच आखूड, अर्ध्या तासात मिट्ट काळोख. कालव्यात दिवे नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्वेसादिया (सारण भरलेल्या मक्याच्या पोळ्या) विकणाऱ्या बायका, मारिम्बा वाजवणारे, फुलं विकणारे हे सगळे उजेड असेपर्यंतच फिरतात. सातला निघालात तर तुमच्याकडे नाव असेल, पाणी असेल आणि काळोख असेल, पार्टी नसेल. शिवाय धक्क्यांना बंद होण्याच्या वेळा असतात. त्या नगरपालिकेच्या हुकुमाने अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचाराच.

या काळात रात्रीच्या नावा दिसतात खऱ्या, पण त्या वेगळ्या कामाच्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाच्या, म्हणजे गेलेल्यांच्या स्मरणाच्या सणाच्या, निमित्ताने क्वेमान्को धक्क्यावरून रात्री ला योरोनाच्या दंतकथेवरचा प्रयोग बघायला नावांचा तांडा निघतो. ला योरोना म्हणजे आपल्या मुलांसाठी रडत फिरणारी बाई. प्रयोग चिनाम्पावर, म्हणजे कालव्यांमधल्या शेताच्या बेटावर, होतो, प्रेक्षक नावेतूनच बघतात. सुंदर असतो, पण तिथे मारियाची वाजवायचे नसतात, थंडी असते आणि गप्पा मारलेल्या चालत नाहीत. तो बघायचाच असेल तर वेगळ्या रात्री बघा. वाढदिवस आणि योरोना एका संध्याकाळी कोंबू नका.

धक्का कोणता? दहाएक धक्के आहेत, पण तुमच्यासाठी प्रश्न दोघांचाच. नातिवितास सगळ्यांत मोठा, सगळ्यांत गजबजलेला. गाणं-खाणं तिथेच जास्त. क्वेमान्को शांत, परिसंस्थेच्या राखीव भागाकडे उघडणारा, पक्षी आणि झाडं बघायला छान, पण तिथे वाद्यवाल्यांची वाट बघत बसावं लागू शकतं. तुम्हाला गाणं हवं आहे, म्हणून नातिवितास. शनिवारी दुपारी मुख्य कालव्यात नावांची इतकी दाटी होते की नावाडी एकमेकांच्या नावांना पायाने ढकलून वाट काढतात. त्याची गंमत पहिला अर्धा तास वाटते. मग नावाड्याला बाजूच्या अरुंद कालव्यात वळायला सांगायचं. निघतानाच सांगितलंत तर तो तसा मार्ग धरतो. मधे लागलेल्या शेजारच्या नावेवर रेगेटॉन दणदणत असेल, तर तिला पुढे जाऊ द्या. भांडायला जाऊ नका, ती पार्टी त्यांचीही आहे.

तुमच्या तारखेबद्दल एक काळजी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्म्युला वनची शर्यत आणि मृतांच्या दिवसाची मोठी मिरवणूक बहुतेकदा आसपासच येतात. शहराच्या मध्यातून सोचिमिल्कोला यायला एरवी तासभर लागतो, त्या शनिवारी दोन धरा. तरुण मंडळींनी मेट्रोच्या 2 नंबरच्या लाइनने तास्केन्याला उतरून तिथून त्रेन लिहेरो ही हलकी गाडी पकडावी, ती शेवटच्या स्थानकावर सोचिमिल्को गावातच सोडते. आईबाबांसाठी टॅक्सी. गाडीतून उतरताच किंवा त्याच्याही आधी चौकात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला सायकलस्वार ‘धक्का इकडे’ म्हणून हात दाखवील. त्याला कमिशन मिळतं, त्याच्या मागे जायचं नाही. टॅक्सीवाल्याला धक्क्याचं पूर्ण नाव, ‘नुएवो नातिवितास’, सांगा आणि फाटकातून आत गेल्यावरच बोलणी करा.

दराची गोष्ट सोपी आहे, पण लोक तिथेच फसतात. भाडं ताशी आणि संपूर्ण नावेचं असतं, माणशी नसतं. दर ठरवून दिलेला असतो, त्याचा फलक धक्क्यावर असतो. गेल्या काही वर्षांत तो पाचशे पेसोंवरून वर सरकत गेला आहे, तुम्ही आठशे धरून चला म्हणजे मन दुखणार नाही. चौदा माणसं एका मोठ्या नावेत आरामात बसतात. दोन नावा शेजारी बांधून देतो असं कुणी म्हणालं तर गरज नाही, टेबल एकच असू द्या. तास नाव सुटल्यापासून मोजायचा, हे बोलून घ्या आणि नावाड्यासमोर मोबाइलवरच्या घड्याळाचा फोटो काढा. उद्धट वाटेल असं काही त्यात नाही, ते स्वतःही काढतात. पैसे उतरल्यावर, रोख. कार्ड विसरा. नावाड्याला वेगळी बक्षिसी, दोन-तीनशे पेसो, आणि ती त्याच्याच हातात. तीन तास चौदा माणसांना वाशाने ढकलणारा माणूस आणि धक्क्यावर पैसे घेणारा माणूस हे दोन वेगळे असतात.

बाबांना नावेत चढवणं हा माझ्या मते सगळ्या आखणीतला कळीचा भाग. नावा टोकाने धक्क्याला लागलेल्या असतात, एकीला चिकटून दुसरी. तुमची नाव तिसऱ्या रांगेत असेल तर दोन नावांच्या टोकांवरून चालत जावं लागतं आणि ती टोकं पावलागणिक हलतात. गुडघे कुरकुरत असतील तर हे जमणार नाही. म्हणून बोलणी करतानाच सांगा: ज्येष्ठ माणूस आहे, नाव पायरीला आडवी लावून द्या. ‘अदुल्तो मायोर’ एवढे दोन शब्द पुरतात. इथे म्हाताऱ्या माणसांचा मान मोठा, दोन नावाडी हात द्यायला येतील. खुर्च्या बुटक्या आणि कडक, दोन उशा न्या. आईबाबांची जागा नावाड्यापासून लांब, पुढच्या टोकाशी ठेवा. बघायलाही तिथूनच चांगलं, आणि वासा मागे-पुढे होताना कुणाच्या डोक्याशी येत नाही. स्वच्छतागृहं काठावर जागोजागी आहेत, पाच-दहा पेसोंची नाणी आणि कागद जवळ ठेवा. नावाड्याला खूण केली की तो लावतो. शक्यतो निघण्याआधीच सगळ्यांना पाठवा, पण बिअर सुरू झाली की हा सल्ला कुणीच पाळत नाही.

औक्षण करणार असाल तर धक्का सोडण्याआधी, नाव स्थिर असतानाच. निघाल्यावर वारा असतो, निरांजन टिकत नाही आणि वरती कागदी पताका असतात. शेजारच्या नावांतले लोक टाळ्या वाजवतील, वाजवू द्या. केक न्यायला काही हरकत नाही, बाहेरचं खाणंपिणं नावेवर चालतं. पण एक सावध करते. मेक्सिकन माणसांनी मेणबत्त्या पाहिल्या की ती ‘मोर्दिदा, मोर्दिदा’ असं ओरडायला लागतात. म्हणजे वाढदिवसवाल्याने हात न लावता केकचा चावा घ्यायचा, आणि तो वाकला की मागून कुणीतरी त्याचं तोंड क्रीममध्ये दाबणार. पंचाहत्तर वर्षांच्या माणसावर, डोलणाऱ्या नावेत, चष्म्यासकट हे होऊ देऊ नका. जावयाला पुढे करा.

गाण्याकडे येते. मारियाची मूळचे हालिस्को आणि पश्चिम मेक्सिकोकडचे. 2011 मध्ये युनेस्कोने त्यांचं संगीत मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवलं. व्हायोलिनं, गितार, छोटी पाच तारांची विहुएला, पोटाशी धरायचा अवाढव्य गितार्रोन आणि ट्रम्पेट. ट्रम्पेट या मेळात नेहमीचं झालं ते विसाव्या शतकात, रेडिओ-सिनेमाच्या काळात, आणि तुमच्या टेबलापासून चार हातांवर ते वाजायला लागलं की त्याचा अर्थ कळतो: बोलणं बंद. म्हणून मारियाची तासाच्या बोलीवर लावू नका. गाण्यागणिक बोली करा. सात-आठ जणांचा मेळ असेल तर गाण्याला दोनशेच्या आसपास पेसो मागतात, कधी थोडे जास्त. पहिला सूर निघण्याआधी भाव आणि गाण्यांची संख्या ठरवा, कारण एक गाणं संपलं की ते टाळ्यांच्या भरात थेट दुसऱ्यात शिरतात आणि मग हिशेबात तीनाची पाच होतात. वाढदिवस कुणाचा हे सांगा. वाढदिवसाचं त्यांचं परंपरेचं गाणं त्यांना झोपेतही येतं, त्यात ते बाबांचं नाव गुंफतात. नाव सोपं करून द्या. ‘पुरुषोत्तम’ म्हणायला लावलंत तर ताल जाईल.

माझा आवडता क्रम सांगते. जेवण चालू असताना मारिम्बा बोलवा. हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य दक्षिणेकडच्या चियापासचं, एकाच वाद्यावर दोघं-तिघं ओळीने उभे राहून वाजवतात, आणि ते सबंध वाद्य त्यांच्या नावेवर मांडलेलं असतं. आवाज गोल आणि मऊ, त्यात गप्पा चालतात. म्हाताऱ्या माणसांना हेच सगळ्यांत आवडतं असा माझा अनुभव आहे. नशिबात असेल तर साल्तेरिओ वाजवणारा एखादा भेटेल. मांडीवर घेऊन नखीने छेडायचं तारांचं हे वाद्य सोचिमिल्कोत अजून कुठे कुठे ऐकू येतं. तो आला तर त्याला परत पाठवू नका, भावही मारियाचीपेक्षा पुष्कळ कमी. मुलांना नाचायचं असेल तर नोर्तेन्यो: अकॉर्डियन, बाराच्या बारा तारा खणखणवणारा बाहो सेक्स्तो आणि पोल्काची चाल. ही चाल एकोणिसाव्या शतकात उत्तर मेक्सिको आणि टेक्ससमध्ये येऊन राहिलेल्या जर्मन-चेक मंडळींकडून आली. नाव हलते, त्यामुळे सगळ्यांनी एकदम एका बाजूला नाचू नये. आणि मारियाची अगदी शेवटी, सूर्य मावळताना, चार गाणी. बाबा स्वतः गाणारे असतील तर तीन गाणी त्यांची आणि एक बाबांचं करा. नाट्यपद सुरू झालं की व्हायोलिनवाला सूर शोधायला लागतो, मजा येते.

स्वतःचा ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. 2019 च्या सप्टेंबरात एका नावेतून दुसरीत उडी मारताना एक तरुण पाण्यात पडून बुडाला. त्यानंतर मोठ्या स्पीकरवर, माणशी दारूवर आणि जीवरक्षक जाकिटांबाबत नियम आले. पाळले किती जातात हा भाग निराळा. पण नियम नसते तरी मी हेच सांगितलं असतं: जिथे पाण्यावरून चालत वाद्यवाले येतात, तिथे मोबाइलमधली गाणी कशाला लावायची?

आता शाकाहार, ज्यासाठी मला सगळ्यांत जास्त प्रश्न येतात. चांगली बातमी ही की कालव्यातलं मुख्य खाणं मक्याचं आहे आणि ते समोर भाजलं जातं. क्वेसादियावालीच्या नावेत कोळशाची शेगडी आणि तिच्यावर कोमाल, म्हणजे तवा. निळ्या किंवा पांढऱ्या मक्याचं पीठ हातावर थापून त्यात भोपळ्याची फुलं, मशरूम, बटाटा, नोपाल नावाचं निवडुंगाचं पान किंवा वित्लाकोचे भरते. वित्लाकोचे ही मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी. ऐकायला कशीही वाटली तरी शुद्ध शाकाहारी आणि चवीला अप्रतिम, निदान एक घास घ्याच. चीज हवं असेल तर वेगळं सांगा. राजधानीत चीज नसलेल्या क्वेसादियालाही क्वेसादियाच म्हणतात आणि त्यावरून बाकीचा मेक्सिको त्यांची यथेच्छ थट्टा करतो. त्लाकोयो त्याहून बरा: लांबट, जाड, आत वाटलेला घेवडा, बाकला किंवा रेकेसोन हे मऊ चीज, वर नोपाल. पोटभरीचा आणि मुलांना झेपणारा.

पण अडचणी आहेत. ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, म्हणालात तर समोरची बाई फक्त गोमांस-डुकराचं मांस वगळते आणि कोंबडी किंवा हॅम घालून प्रेमाने पुढे करते. म्हणून सगळं नावानिशी म्हणा: सिन कार्ने, सिन पोयो (कोंबडी), सिन हामोन (हॅम), सिन चिचार्रोन (डुकराची तळलेली कातडी). दुसरं, मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी. तामालेसच्या, म्हणजे वाफवलेल्या मक्याच्या उंड्यांच्या, पिठात ती असतेच असं धरा, परतलेल्या घेवड्यातही बहुधा असते, तळलेल्या गोष्टींत असू शकते. म्हणून ‘अल कोमाल’, तव्यावरच भाजून, असं सांगा. तांबडा भात आणि मोले (मिरची-मसाल्यांचा दाट रस्सा) हे बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असतात, ते शाकाहाऱ्यांनी सोडून द्यायचे. एलोते, म्हणजे काठीवरचं कणीस, त्याला मायोनेज फासतात. तुमच्यात अंडं वर्ज्य असेल तर ‘सिन मायोनेसा’ सांगून नुसतं लिंबू, मीठ, तिखट लावून घ्या. दाणे मोठे, पिठूळ आणि अजिबात गोड नसलेले असतात, आपल्याकडच्या स्वीट कॉर्नची सवय झालेल्या मुलांना सुरुवातीला परके वाटतील. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, वासराच्या जठरातलं) असू शकतं, आणि एकाच तव्यावर मांसाचं सारणही गरम होणार. हे दोन्ही न चालणारं कुणी असेल तर वाद न घालता त्यांच्यासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी असा डबा घरून न्या. टेबल आपलं आहे, कुणी काही म्हणत नाही. उलट क्वेसादियावाली पुरी चाखून बघायला मागेल.

गोडासाठी आलेग्रिया शोधा. सोचिमिल्कोच्याच हद्दीतलं तुल्येवाल्को हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. आलेग्रिया म्हणजे लाह्या फोडून मधात किंवा गुळासारख्या पाकात थापलेला राजगिरा. वडी हातात घेतल्यावर आईंना कुणी काही सांगावं लागणार नाही. राजगिरा मूळ याच बाजूचा, आस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत, आणि आज आपण तो उपवासाला खातो. आईंचा त्या दिवशी नेमका उपवास निघाला तर सोय झालीच म्हणायची. बरोबर शेंगदाण्याची वडीही मिळते, ‘पालान्केता’ म्हणून.

पेयांचं थोडक्यात सांगते, कारण घरातली राजकारणं तुम्हालाच ठाऊक. सासऱ्यांसमोर ग्लास धरायचा की नाही हे ठरलं की मग पुढचं. इथली उंची समुद्रसपाटीपासून 2,240 मीटर, पुण्याच्या कितीतरी वर. आईबाबा नुकतेच आले असतील तर एक पेला दोनासारखा चढतो, पाणी भरपूर प्या. सगळीकडे मिचेलादा दिसेल: बिअर, लिंबू, कडेला तिखट-मीठ, आत टोमॅटोचा लालभडक रस. तो रस बहुतेकदा क्लामातोचा असतो, आणि क्लामातोत शिंपल्यांचा अर्क असतो. ‘इंग्रजी सॉस’ घालतात त्यात सहसा मासळी. बिअर पिणाऱ्या शाकाहाऱ्यांनी चेलादा मागावी, ती फक्त बिअर, लिंबू आणि मीठ. पुल्के मात्र घ्याच. मागेय नावाच्या मोठ्या घायपाताच्या गाभ्यात साठणारा गोड रस म्हणजे आग्वामिएल, तो आंबला की पुल्के. आपल्याकडे नीरा आणि ताडी, तसंच. पांढरट, किंचित बुळबुळीत, दारूचा अंश बिअरइतपत, आणि टिकत नाही, म्हणून आजचा आजच प्यायचा. पेरूचा किंवा ओट्सचा ‘कुरादो’, म्हणजे स्वाद मिसळलेला पुल्के, पहिल्यांदा पिणाऱ्याला सोपा जातो. न पिणाऱ्यांसाठी हामाइका, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, चिंचेचं सरबत आणि ओर्चाता हे तांदूळ-दालचिनीचं. ही सरबतं आणि बर्फ धक्क्याजवळच्या बाजारातून आधीच घेऊन ठेवा, नावेवर महाग पडतात. तेकिलाची बाटली न्यायची असेल तर एक, आणि ती टेबलावर उभी नको, डोलात पहिली तीच पडते.

गाडी चालवून केरेतारोला परतणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही. मेक्सिको सिटीत 2003 पासून रस्त्यावर श्वास तपासायची मोहीम चालते. मर्यादा ओलांडली तर दंड भरून सुटका नाही, 20 ते 36 तास कोठडी, आणि ते ठिकाण ‘एल तोरितो’ म्हणून शहरभर कुप्रसिद्ध आहे. बाहेरच्या राज्याच्या गाड्यांना शनिवारी शहरात फिरायला निर्बंधही असतात, तुमच्या काचेवरचं प्रदूषण तपासणीचं होलोग्राम आधी बघून घ्या. खरं तर त्या रात्री राजधानीतच राहा. दोनशे किलोमीटर अंधारात, दमलेली मुलं आणि आईबाबा घेऊन जाण्यात काही शहाणपण नाही.

सुरक्षिततेचं एवढंच: एका नावेतून दुसरीत उडी नाही, मुलांना जाकीट, कुणी कडेला बसून पाय पाण्यात सोडायचे नाहीत. पाणी खोल दिसत नाही, पण तळाशी गाळ आहे आणि त्यात पाय रुततो. शिवाय ते पाणी झऱ्याचंही राहिलेलं नाही. सोचिमिल्कोचे झरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जलवाहिनीने शहराला पाजले गेले आणि पन्नासच्या दशकापर्यंत आटले. आज कालव्यांत येतं ते मुख्यतः शहरातल्या केंद्रांत प्रक्रिया केलेलं सांडपाणी. खाण्याआधी हात धुवायला बाटलीबंद पाणी वापरा.

मुलं आशोलोत्ल विचारतील, कारण 2021 साली आलेल्या पन्नासच्या नोटेवर तो आहे. गालांबाहेर पिसाऱ्यासारखे कल्ले असलेला हा उभयचर जंगलात फक्त इथल्याच पाण्यात उरला आहे. राष्ट्रीय विद्यापीठाच्या मोजणीत 1998 मध्ये चौरस किलोमीटरला 6,000 होते, 2014 मध्ये 36. प्रदूषण आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे ही मुख्य कारणं. काठावर काही ठिकाणी काचेच्या टाकीत दाखवतात. बघा, शुल्क द्या, हात लावू देत असतील तरी लावू नका. तुमच्या मार्गात जंगली आशोलोत्ल दिसण्याची शक्यता शून्य धरा. मुलांनी ‘बाहुल्यांचं बेट’ मागितलं तर तेही लक्षात ठेवा: हुलियान सान्ताना बार्रेरा या एकाकी माणसाने झाडांना बाहुल्या टांगलेलं खरं बेट खूप आत आहे, जाऊन यायला चार-एक तास जातात. नातिवितासजवळ तासाभरात दाखवतात ते नक्कल.

थंडीचं विसरू नका. ऑक्टोबरअखेर पाऊस बहुधा ओसरलेला असतो, पण सूर्य गेला की पाण्यावर एकदम गार होतं. बाबांना स्वेटर, आईंना शाल, मुलांना टोपी. कचऱ्याची मोठी पिशवी स्वतः न्या. थर्माकोलचे पेले वाऱ्याने पाण्यात जातात आणि ते कुणीच उचलत नाही.

खर्चाचा अंदाजही सांगते: नाव तीन तास, आठ-दहा गाणी, पोटभर खाणं, बेताचं पिणं, बक्षिसी, सगळं मिळून चौदा जणांचे आठ ते दहा हजार पेसो हाताशी ठेवा, आणि त्यातले निम्मे सुटे. पाचशेची नोट काढलीत की कालव्यात कुणाकडेच सुटे नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतण्याआधी क्वेमान्कोच्या रोपांच्या बाजारात जा, धक्क्याला लागूनच आहे. हा हंगाम सेम्पासुचिलचा, म्हणजे आपल्या झेंडूचा. तो मूळचा मेक्सिकोचाच, आणि सोचिमिल्कोचे शेतकरी मृतांच्या दिवसासाठी कुंड्यांच्या कुंड्या केशरी करून ठेवतात. दिवाळी त्याच सुमारास येते, दारात ठेवायला चार कुंड्या घ्या, केरेतारोत त्याच महाग पडतात. तोरणासाठी सुटी फुलं हवी असतील तर ती इथे नाही, शहरातल्या हामाइका नावाच्या फुलबाजारात, पहाटे.